नऊ सेकंदांचा निरोप

हवालदार पहिल्यांदा माझ्याकडे आले ते एक कागद घेऊन. मलकापुरात हायवेच्या अलीकडे माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दार उघडलं तर साठीचा एक ताठ माणूस उभा. चपला बाहेर काढून, जोडून, भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या.

"बाई, तुमास्नी रशियन वाचता येतं म्हनं."

येत होतं. सांगलीकडच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी रशियन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठी-इंग्रजीत करण्यात गेली. पण निवृत्तीनंतर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि कागद हातात घेतला. मोबाइलवर आलेल्या फोटोची छापील प्रत होती. खाली मराठीत सही.

ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव कृष्णेकाठचं, कराडहून सांगलीकडे जाताना लागणारं. तिथं दर दोन घरांमागे एक फौजी. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा तीनदा भरतीला गेला, दोनदा धावण्यात राहिला, एकदा डोळ्यांत. मग वय निघून गेलं. पुढे कुणीतरी एजंट भेटला. रशियाच्या सैन्याला मदतनीस लागतात, भटारखान्यात काम, सामान उतरवायचं, असं त्यानं सांगितलं. पोरानं न वाचता येणाऱ्या कागदावर सही केली आणि गेला.

मी कागद दोनदा वाचला. त्यात भटारखाना कुठं नव्हता. तिसऱ्या ओळीत सैनिक हा शब्द होता आणि पुढे सगळीकडे तोच होता. मी तसं सांगितलं.

हवालदारांनी कागद परत घेऊन त्याच्या घड्या घातल्या. मग म्हणाले, "त्येला बंदूक दिल्याली हाय. फोटू आलाय. कागदावर तसंच हाय का, येवढंच बघायचं व्हतं."

अशी माझी त्या घराशी ओळख झाली.

मुलगा दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. तिथं एका टेकाडावर चढलं की नेटवर्क यायचं म्हणे. बोलणं अर्धं आईसाठी, अर्धं बापासाठी. बापासाठीचं हवालदार मला पुढे पाठवत. "आप्पा, ह्ये लझीस लझीस करून वरडत्यात. सगळी पडली की मी पन पडतो. ह्येजा अर्थ बाईंना इचार."

लझीस म्हणजे आडवा हो. स्तोय, थांब. व्पिर्योद, पुढे. नझाद, मागे. मी वीस शब्द देवनागरीत लिहून पाठवले. माझी रशियन व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सची. माणसं जीव घेऊन पळताना काय ओरडतात हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्यातला एक शब्द मी लाल शाईनं लिहिला, स्वोई. म्हणजे आपली माणसं. अंधारात स्वतःच्याच चौकीकडे परत येताना हा शब्द ओरडायचा, नाहीतर आपलेच लोक गोळी घालतात. हवालदारांनी तो शब्द माझ्यासमोर चारपाच वेळा म्हणून बघितला आणि रेकॉर्ड करून मुलाला पाठवला. "आदी वरड, मग पाय टाक," असं त्यात म्हणाले.

एकदा मुलाला शिक्षा झाली. अधिकारी विचारायचा, समजलं का, आणि हा मान हलवायचा. आपण हो म्हणताना हलवतो तशी, दोन्ही खांद्यांकडे डुलवत. अधिकाऱ्याला वाटायचं, हा नाही म्हणतोय. दिवसभर खंदक खणायला लावला तेव्हा काय ते कळलं. मी निरोप दिला, मान खाली-वर करायची, डावी-उजवी करायची नाही. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "आता मी कुनालाच मान हलवत न्हाई. ताठ ठेवतो."

त्याच्या तुकडीत अनेक देशांची माणसं होती आणि एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. याच्या शेजारी एक उंच माणूस झोपायचा. मुलानं त्याचं नाव लांबड्या ठेवलं होतं. तो कुठला हेच दोन महिने कळलं नाही. शेवटी फोनवर नकाशा उघडून त्यानं आफ्रिकेवर बोट ठेवलं. दोघांमध्ये माझे वीस शब्द आणि बाकी हातवारे. "लांबड्या माझ्यासंगं टेकाडावर येतो," मुलगा सांगायचा. "मी आयला बोलाय लागलो की माझ्या तोंडाकडं बगत बसतो."

आईला तो दरवेळी आधी एकच सांगायचा. लहानपणी शाळेच्या सहलीहून एसटीडीवरून सांगायचा तेच, असं ती म्हणायची. आये, मी हाय. जेवलो. काळजी करू नगंस.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती ऊसतोडीच्या दिवसांत. कराडहून वडापच्या जीपनं गेले. भर दुपारी जवळच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडत होती. काळ्या चिमण्यांच्या पिसांसारखी, आवाज न करता, वाळत घातलेल्या कपड्यांवर. मुलाची आई ते कपडे झटकत होती. तिनं मला बसायला पाट दिला आणि माझं पुस्तकी मराठी ऐकून जरा बुजली. मग हळूहळू बोलायला लागली.

"त्येचा आवाज बसलाय बगा," ती म्हणाली. "थंडी लय हाय तितं. ऐका."

तिनं फोन माझ्या कानाला लावला. नऊ सेकंदांचा निरोप. आये, मी हाय. मग बारीक खोकला. जेवलो. कालजी करू नगंस.

मी पुन्हा लावायला सांगितला. ळ चा ल झाला होता. सर्दीनं आवाज बसतो, घोगरा होतो. ळ कुठं जातो?

"मागच्या रविवारचा आहे का?" मी विचारलं.

होता. तिनं तोही लावला. आये, मी हाय. खोकला. जेवलो. कालजी करू नगंस. खोकला त्याच ठिकाणी, तेवढाच. त्याच्या आधीचाही तसाच. चार रविवार ओळीनं, चारही नऊ सेकंदांचे. जुने निरोप मी मागून घेतले. त्यात मुलगा गावातल्या म्हशीची चौकशी करत होता, कुणाच्या लग्नाचं विचारत होता, आईवर खेकसत होता. शेवटच्या जुन्या निरोपात, मी हाय म्हटल्यावर, त्याला खोकला आला होता. खराच खोकला. त्यानंतरच्या चारांत तो पाठ केलेला होता.

मी पाट धरून बसले होते. बाहेर ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला. ती बाई माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघता येईना.

"बरा आहे की," मी म्हणाले.

हे वाक्य मला आजही आठवतं. ते म्हणायला मला अजिबात वेळ लागला नाही.

पुढचे दोन रविवार मी घरीच बसून ते निरोप ऐकले. हवालदार बायकोच्या फोनवरून ते न चुकता पुढे पाठवायचे, पण आता त्याखाली स्वतः काही लिहीत नव्हते. आई तिकडे प्रश्न विचारत होती. खोकला बरा हाय का? उत्तर, जेवलो. तुझ्या मामाचं आपरेशन झालं. उत्तर, जेवलो. मी स्वयंपाकघरात काम करत असले तरी अकरा वाजले की माझे हात थांबायचे. कुठल्या तरी बर्फातल्या टेकाडावर एक माणूस आमच्या इकडच्या बोलीत, अर्थ न कळता, दुसऱ्याच्या आईला आई म्हणत होता. आणि फोनवर चित्र मात्र मुलाचंच होतं, शेतातल्या विहिरीजवळ उभं राहून काढलेलं.

तिसऱ्या आठवड्यात हवालदार आले. चपला तशाच जोडून लावल्या. बसले नाहीत.

"बाई, ह्यो आमचा न्हाई."

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्याच येळंला. खोकल्यावरनं. तिला सांगू नका. ती त्येच्यावर जगत्या."

मी विचारलं, मग करायचं काय. ते म्हणाले, हा लांबड्याच असणार, त्याला त्याच्या भाषेत विचारा. त्याची भाषा मला येत नाही, त्याला येणारे वीस शब्द मात्र मीच लिहून दिलेत, त्यांत विचारता येईल, असं मी सांगितलं. तिथंच उभ्या-उभ्या मी रशियनमध्ये बोलले. तू कोण? भाऊ कुठे? हळू, एकेक शब्द सुटा करून. हवालदारांनी तो निरोप त्यांच्या फोनवरून पाठवला.

उत्तर रविवारी अकराला आलं, आणि आलं ते आईच्या फोनवर. कारण त्या माणसाला एकच दार माहीत होतं. तिनं ऐकलं आणि हवालदारांना न सांगता वडापनं थेट माझ्याकडे आली. पदराखाली फोन धरून.

"आज येगळं बोललाय," ती म्हणाली. "नगा म्हन्तोय. काय नगा?"

मी ऐकलं. चार शब्द होते, मध्ये मध्ये वाऱ्याचा आवाज. ब्रात. नगा. मशीना. न्येत.

रशियनमध्ये नगा म्हणजे पाय. मी तिला तसं सांगितलं. ब्रात म्हणजे भाऊ. मशीना म्हणजे गाडी. न्येत म्हणजे नाही.

"भाऊ, पाय, गाडी, न्हाई," तिनं म्हणून बघितलं. "काय न्हाई?"

तेच मला सांगता येत नव्हतं. तो शब्द कुठल्याही शब्दाला जोडता आला असता. गाडी आली नाही. पाय राहिला नाही. भाऊ इथं नाही. भाऊ नाही. आणि दोन्ही भाषांत ते असंच म्हणतात, एवढ्याच शब्दांत, हे मला त्या क्षणी भयंकर वाटलं. मी तिला सगळे अर्थ सांगितले. एकही गाळला नाही. आधीचं खोटं माझ्या अंगावर होतं.

शेवटी मी म्हणाले, "वहिनी, हा दीड-दोन महिन्यांपासून बोलणारा तुमचा मुलगा नाही. मला त्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "माझा आसता तर येकदा तरी चिडला आसता. ह्यो कदी चिडतच न्हाई. पर ह्येंना सांगू नका. त्ये त्येच्यावर जगत्यात."

मी त्यांना दोघांना समोरासमोर बसवायला हवं होतं. त्याच संध्याकाळी हवालदार तिला शोधत आले तेव्हा ते आपोआपच झालं. टेबलावर मी अर्थांसह लिहिलेला चार शब्दांचा कागद होता. त्यांनी तो वाचला, बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "गाडीतनं नेलाय त्येला. पायाला लागलंय. म्हनून तितं न्हाई." ते म्हणाले, "गाडी आली न्हाई, आसंबी आसंल." चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला गाडी न आलेली जास्त ठाऊक होती. मग दोघं एकत्र जिना उतरले.

आईचं म्हणणं बरोबर निघालं. ते कळायला आणखी चार महिने लागले. मुलाच्या डाव्या गुडघ्यात लोखंडाचे तुकडे शिरले होते. लांबड्यानं त्याला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं, गाडी त्याला घेऊन गेली, फोन लांबड्याच्या खिशात राहिला. दूरच्या एका शहरातल्या दवाखान्यात त्याचं नाव कुणाला नीट लिहिता आलं नाही, म्हणून वेगळंच लिहिलं गेलं. त्याला घरचा एकही नंबर पाठ नव्हता. सगळे फोनमध्ये होते. इकडे हवालदार ज्या नावानं दूतावासाला अर्ज करत होते त्या नावाचा माणूस तिकडच्या कुठल्याच यादीत नव्हता. तिथं डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मराठी मुलीनं वॉर्डात त्याला झोपेत बोलताना ऐकलं, म्हणून तो सापडला.

चार महिने तो निरोप येतच होता. दर रविवारी, नऊ सेकंद. आई ऐकायची आणि उत्तरही द्यायची. "तू बी जेव," म्हणायची. कुणाला म्हणते हे घरात कुणी विचारलं नाही.

मुलगा आला तेव्हा मी भेटायला गेले. कुबडी घेऊन अंगणात खुर्चीवर बसला होता. फोटोतल्यापेक्षा वयानं मोठा वाटत होता. रविवार होता आणि सकाळची वेळ. बोलता बोलता आईचा फोन वाजला. तिनं सवयीनं लावला.

आये, मी हाय. खोकला. जेवलो. कालजी करू नगंस.

फोनच्या पडद्यावर विहिरीजवळचा मुलगा. समोर खुर्चीत तोच. अंगणात लख्ख ऊन होतं. हवालदार दारात उभे होते, ते आत गेले नाहीत, बाहेरही आले नाहीत. मुलानं हात पुढे करून फोन घेतला आणि पुन्हा ऐकला. पुन्हा. मग म्हणाला, "खोकला पन पाठ केला रं गड्या त्येनं."

त्यानं उत्तर पाठवलं. "ब्रात, मी हाय. घरी." घर या शब्दासाठी त्यानं मला रशियन विचारलं. दोम, मी सांगितलं. "दोम," तो फोनमध्ये म्हणाला.

पुढच्या रविवारी जे आलं ते बारा सेकंदांचं होतं. तेच शब्द, पण खोकल्याच्या जागी हसू. मोठं, धाप लागेपर्यंतचं हसू, मागे कसलंतरी इंजिन. त्यानंतरच्या रविवारी काही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लावला की एक बाई रशियनमध्ये सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. मुलगा मला तिचं बोलणं भाषांतर करायला लावायचा, जणू ती कधीतरी वेगळं काही सांगेल.

एके दिवशी तो मलकापुरात माझ्याकडे आला, कुबडी न घेता, भिंतीला धरत. त्याचं आणि लांबड्याचं तिकडे ठरलं होतं म्हणे. छातीवर बोट, मग आडवा हात, मग तोंड. मी पडलो तर तू माझं बोल, तू पडलास तर मी तुझं. लांबड्या टेकाडावर स्वतःच्या आईशी बोलायचा त्यातलं एक वाक्य यानं पाठ केलं होतं. लांबड्या ते दरवेळी म्हणायचा, म्हणून तेच घेतलं. "त्येनं माझं सहा म्हैनं केलं," तो म्हणाला. "मला त्येचं कराय पायजे. पर नंबर न्हाई, देश न्हाई. वाक्य तेवडं हाय."

त्यानं ते म्हणून दाखवलं. सहा-सात शब्द असावेत, शेवटाला वर जाणारा सूर. मला एक अक्षर कळलं नाही. विसरू नये, चुकीचं होऊ नये म्हणून तो ते रोज सकाळी म्हणत होता.

मी पुण्यात जुन्या ओळखींकडे विचारलं. आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी तिथं शिकतात. रेकॉर्डिंग तीन-चार जणांकडून फिरलं आणि एकानं सांगितलं की ही माझ्या आजोळची भाषा आहे. आम्ही एसटीनं गेलो. खंबाटकी घाटात मुलानं ते वाक्य खिडकीकडे तोंड करून परत परत म्हटलं. पुढच्या सीटवरची बाई दोनदा वळून बघून गेली.

तो विद्यार्थी हडकुळा, चष्मेवाला, अगदी नम्र होता. त्यानं आम्हाला त्याच्या खोलीत बसवलं. मुलानं ताठ बसून वाक्य म्हटलं. विद्यार्थी हसायला लागला, मग आमचे चेहरे बघून थांबला. उच्चार फार चांगला आहे, तो इंग्रजीत म्हणाला, त्या भागातलीच व्यक्ती बोलते असं वाटतं.

"अर्थ काय?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं आणि मी मराठीत केलं. तुझा आवाज येत नाही, पुन्हा बोल.

मुलानं मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. निरोप नव्हताच तो. टेकाडावरच्या वाऱ्यात आईचं बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणून लांबड्या दरवेळी जे म्हणायचा ते यानं जीव लावून पाठ केलं होतं. त्याचा खरा निरोप कुठला होता, त्याला तरी हे वाक्य पाठ झालेलं कळलं होतं का, काहीच समजायला मार्ग नव्हता.

विद्यार्थ्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, मी तुला बरोबर वाक्य शिकवतो. आई, मी ठीक आहे, जेवलो. त्यानं ते हळू म्हणून दाखवलं, दोनदा. कागदावर लिहून देऊ का म्हणाला.

मुलगा ऐकून घेत होता. मी भाषांतर संपवलं तेव्हा त्यानं मान ताठ ठेवून नकार दिला.

"त्येला सांगा बाई, मी न्हाई शिकनार," तो म्हणाला. "लांबड्या ह्ये कवा म्हनलाच न्हाई. जे म्हनला न्हाई ते मी त्येच्या तोंडी कसं घालू?"

मी ते विद्यार्थ्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. आम्ही चहा घेतला आणि चारच्या गाडीनं परत निघालो.